बूयाच्या टेबलावरचा गुलाबी जिग

थंड पाण्यातला स्मॉलमाउथ मासा कोणत्या जिगला तोंड लावतो, हे आमच्या खाडीवर माझ्याइतकं कुणालाही कळत नाही. ही बढाई नाही हो, तक्रार आहे!

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. डोक्यामागे शेपटी हवी. कुणी रबराची लावतं, मी हरणाच्या केसांची बांधतो. उन्हाळ्यात कसलीही शेपटी चालते, कारण उन्हाळ्यात हा मासा गल्लीतल्या गुंडासारखा दिसेल त्याच्या अंगावर जातो. पण ऑक्टोबर सरला, पाणी गारठलं, की हाच गुंड तळाशी खडकाला पोट टेकून बसतो. भरपेट जेवलेल्या सासऱ्यासारखा! (मी स्वतः सासरा आहे, तेव्हा अनुभवाचे बोल आहेत.) तो उठत नाही, धावत नाही. अगदी नाकापुढे काही आलं तर तोंड उघडतो, तेही उपकार केल्यासारखं. अशा वेळी जिग हवा हलका, केस हवेत तपकिरी. तो तळाशी ठेवायचा आणि मग काहीही करायचं नाही. हे काहीही न करणंच लोकांना जमत नाही! गारठ्यात रबर ताठ होतं, केस मात्र पाणी जरासं हललं तरी जिवंत असल्यासारखे हलतात. संपली विद्या.

ही विद्या माझ्याजवळ आहे आणि वल्ह्यावर माझं नाव नाही. इथेच सगळं दुखणं आहे.

ओडिलच्या बारमध्ये गल्ल्याच्या वर एक जुनं वल्हं टांगलेलं आहे. दर वर्षी नोव्हेंबरच्या तोंडाशी आमची स्पर्धा होते. जोडीजोडीने उतरायचं. जी जोडी जिंकेल तिची नावं तापलेल्या सळईने वल्ह्यावर कोरतात आणि ज्या जिगने जिंकलं तो जिग नावांशेजारी खिळ्याने ठोकतात. माझ्या वडिलांचं नाव अगदी वर, दांड्याजवळ आहे. वल्हं भरत भरत गेल्या वर्षी पात्याच्या टोकापर्यंत आलं होतं आणि फक्त एका जोडीपुरती जागा उरली होती.

"भरलं तर नवं आणू की!" ओडिल म्हणाली.

"आणि टांगणार कुठे?"

"मुतारीच्या दाराशी जागा आहे ना."

आता कळलं? वडील गल्ल्यावर आणि मी मुतारीपाशी! म्हणजे त्या वर्षी नाही, तर कधीच नाही.

माझा जोडीदार म्हणजे गॉर्डी, माझ्या बायकोचा भाऊ. वीसेक वर्षं तो माझ्या पत्र्याच्या बोटीत पुढे बसला आणि मी मागे. आम्ही दुसरे आलो, तिसरे आलो, एकदा तर बूट भरून पाणी घेऊन आलो, पण जोडी कधी मोडली नाही. त्या वर्षी सुगीच्या मेळ्याच्या आधी हा मला पेट्रोल पंपावर भेटला.

"वेंडल, गुडघे फार दुखतात रे हल्ली."

"मग?"

"नाही, म्हणजे... ट्रेंटच्या बोटीतली खुर्ची विजेवर गरम होते."

आमच्याकडे वीस वर्षांची दोस्ती अशी मोडतात. भांडण नाही, तंटा नाही. एवढं बोलून त्याने टाकीचं झाकण लावलं आणि निघून गेला.

आता हा ट्रेंट कोण, तर आमचे जावईबापू! शिकागोचे. त्यांची बोट नव्या नवरीसारखी नटलेली, अंगावर टिकल्यांचा चकचकाट, आणि एक पडदा, ज्यात म्हणे मासा पोहताना दिसतो. मासा दिसतो हो, पण दिसलेला मासा खातो काय, ते पडद्यात येत नाही. मला राग आला. खोटं कशाला बोलू, इतका राग आला की घरी येऊन मी रागाच्या भरात एका बैठकीत ओळीने तपकिरी जिग बांधले, आणि ते माझ्या आयुष्यातले सर्वांत देखणे जिग झाले.

मग आला आमच्या चर्चचा सुगीचा मेळा. आम्ही इथले बेल्जियन वंशाचे लोक. मेळा म्हटला की चर्चच्या मागच्या अंगणात भल्या मोठ्या कढयांत बूया शिजते. कोंबडी, गोमांस, भाज्या सगळं एकत्र रटरटत असतं आणि ढवळायला अक्षरशः वल्ही घेतात. आणि आमच्याकडे एक रीत आहे. बारमध्ये मासेमारीबद्दल कुणी खरं सांगत नाही, आणि बूयाच्या टेबलावर कुणी खोटं बोलत नाही. एकदा प्रार्थना झाली, एका कढईतलं अन्न सगळ्यांच्या वाडग्यात पडलं, की विचारलेल्या प्रश्नाला खरंच उत्तर द्यायचं. म्हणूनच शहाणी माणसं तिथे मासेमारीचा विषयच काढत नाहीत. माझ्या वडिलांना एकदा कुणीतरी विचारलंच, "मासे कुठे धरलेस?" तर वडील उठले, भरला वाडगा तिथेच ठेवला आणि उपाशीपोटी घरी चालत गेले! खोटं बोलले नाहीत आणि जागाही सांगितली नाही. अजून लोक ती गोष्ट सांगतात.

जावईबापूंना ही रीत कुठली ठाऊक असायला! प्रार्थना संपली, मी पहिला घास घेतला, आणि समोरून प्रश्न आला.

"बाबा, थंड पाण्यात कोणता जिग वापरावा?"

मला 'बाबा' म्हणायला त्याला मी कधीच सांगितलेलं नाही.

पलीकडच्या टेबलावरचे चमचेही थांबले. गॉर्डीने मान खाली घातली होती, पण कान माझ्याकडे होते. मी वडिलांसारखा उठून जाऊ शकलो असतो. पण बूया गरम होती, भूक लागली होती, आणि त्या पोराशेजारी गॉर्डी असा आरामात बसला होता की जणू बाकाची फळीसुद्धा गरम होतेय! माझ्या तोंडून निघून गेलं,

"गुलाबी."

"गुलाबी?"

"भडक गुलाबी. रबराचा. जितका जड मिळेल तितका जड. तळाला टाकायचा आणि जोरजोरात उडवायचा. थंडीत मासा झोपलेला असतो ना, त्याला जागं करायला लागतं!"

"पण तुम्ही ते केसांचे बांधता ते, बाबा?"

आता एकदा खड्ड्यात उतरलोच होतो, म्हटलं नीट खोल खणू. "ते होय? शोभेचे! मी तर फेकूनच देणार आहे."

लोरेनने, माझ्या बायकोने, टेबलाखाली माझा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत तिने असा हात धरला नव्हता. मला वाटलं मला गप्प करतेय. तर तिचे डोळे भरून आले होते!

संध्याकाळी गॉर्डी तरातरा माझ्या अंगणात आला. मला वाटलं हा हसणार. याने माझ्याबरोबर इतकी वर्षं तपकिरी जिग टाकलेत, याला कळणार नाही तर कुणाला?

"हलकटा!" गॉर्डी म्हणाला.

"का रे?"

"इतकी वर्षं गुलाबी तुझ्याजवळ लपवलास आणि मला ते केसाळ झुरळ दिलंस?"

"अरे, मी स्वतःसुद्धा तपकिरीच टाकायचो! तू बघत होतास ना?"

"तेच तर! केवढा तुझा कावा! मला कळू नये म्हणून स्वतः हरत राहिलास!"

खरं सांगावं, तर बूयाच्या टेबलावर खोटं बोललो हे उघडं पडणार. मी म्हटलं, "झालं गेलं विसर." तो म्हणाला, "मरेपर्यंत विसरणार नाही," आणि गरम खुर्चीच्या दिशेने चालू लागला.

पुढच्या आठवड्यात दुकानातले गुलाबी जिग संपले. शेजारच्या गावातले संपले. आमचे पाद्री तपकिरी जिगांचे भक्त होते, तेही धर्मांतर करून गुलाबीकडे गेले. रस्त्यात लोक गाडीची काच खाली करून मला म्हणायचे, "वेंडल, मोठं मन लागतं बाबा!" मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, खरेदी करा लेको! सगळी खाडी गुलाबी उडवत बसेल आणि मी एकटा तपकिरी टाकून वल्ह्यावर जाईन. खोटेपणाचा असा भरघोस फायदा होताना बघून मला थोडी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

फक्त जोडीदार नव्हता. ज्याला विचारावं त्याची जोडी आधीच ठरलेली. शेवटी लोरेन म्हणाली, "मी येते."

"तू? तुला तर बोटीत मळमळतं!"

"माझ्या भावाने तुला सोडलं. मी नाही सोडणार."

स्पर्धेच्या सकाळी गारांचा बारीक पाऊस होता. गळाच्या दांडीच्या कड्यांत बर्फ धरत होतं. दोरी ओढली की करकरायची. आमची पत्र्याची बोट खडकाळ उतारावर नेऊन मी उभी केली. याच खडकावर वडिलांनी मासे धरले होते. मी हातावर फुंकर मारली, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि जिगांचा डबा उघडला.

आत गुलाबी!

काठोकाठ गुलाबी. जणू डब्यात कुणी लहान मुलीचा वाढदिवस भरून ठेवला होता!

"लोरेन," मी म्हणालो. "माझे तपकिरी कुठे आहेत?"

"अरे, आश्चर्याचा धक्का द्यायचा होता!" तिचा चेहरा फुलला होता. "तू फेकूनच देणार होतास ना, म्हणून मी चर्चच्या सोडतीला दिले. छपरासाठी. आणि हे गुलाबी काय कष्टाने मिळवलेत म्हणून सांगू! तीन गावं पालथी घातली!"

"सोडतीत कुणाला लागले?"

"ट्रेंटला! म्हणाला, बाबांच्या हातचे आहेत, दिवाणखान्यात भिंतीवर लावीन. किती गोड पोरगा आहे."

मी खरं सांगायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ती म्हणाली,

"वेंडल, एक बोलू? तू कधी कुणाला काही देत नाहीस. माझ्या माहेरच्यांना तर नाहीच. त्या दिवशी टेबलावर तू त्या पोराला खरं सांगितलंस, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी योग्य माणसाशी लग्न केलं."

आता सांगा, यानंतर कुठला नवरा खरं बोलेल?

"टाक गुलाबी," मी म्हणालो.

"जोरजोरात उडवायचा ना?"

"हो."

आणि तिने उडवला! बाई गावच्या शाळेत गोळाफेक करायची हे मी विसरलो होतो. पहिल्याच झटक्यात गुलाबी जिग पाण्याबाहेर आला, माझ्या टोपीत रुतला, आणि पुढच्या फेकीत टोपीसकट खाडीत गेला. दुसरा खडकात अडकला. तिसरा खडकात अडकला. मीही शहाणपणाने गुलाबीच हळू ओढून बघितला, पण ते शिशाचं धूड दगडाच्या फटीत जाऊन असं बसायचं की दोरी तोडण्याशिवाय इलाज नाही. उघड्या डोक्यावर गारा पडत होत्या. चहूकडे बघतो तर सगळी खाडी पेटली होती! सगळ्या बोटींवर माणसं पाठीत उसण भरल्यासारखी दांड्या उडवत होती, आणि पाण्यात एक मासा हलत नव्हता. तळाशी सगळे सासरे शांत झोपले होते.

फक्त एका बोटीवर एक माणूस हलत नव्हता. ती चकचकणारी बोट आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. पुढे गॉर्डी गुलाबी उडवत होता. मिळवलेले सगळे गुलाबी त्याने स्वतःजवळ ठेवले होते, जावयाला एकही दिला नव्हता. (बायकोच्या माहेरचं रक्त!) त्यामुळे ट्रेंटने नाइलाजाने भिंतीवर लावायचा माझा तपकिरी जिग बांधला होता. हातमोजे शहरातले, पातळ. बोटं गारठली म्हणून बिचाऱ्याने जिग तळाला सोडला, दांडी काखेत धरली, दोन्ही हात खिशात घातले आणि तो कुडकुडत उभा राहिला. काहीही न करता!

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्याची दांडी वाकली होती.

"ट्रेंटला लागला!" लोरेन टाळ्या पिटत उठली, बोट डुचमळली. "बघ, तुझं ऐकलं म्हणून!"

मासा वर आला. तांबूस, जाडजूड, खानदानी. त्याच्या ओठात माझे तपकिरी केस मला इथून दिसत होते. स्वतःच्या हातची गाठ माणूस ओळखतोच. ट्रेंटने मासा पाण्याच्या टाकीत सोडला, जिग तळाला टाकला, आणि परत हात खिशात! दुपारपर्यंत हेच चाललं. तो पोरगा थंडीने निळा पडत होता आणि मासे एकामागून एक चढत होते.

"जवळ जाऊन विचारू या का, कसं करतोय ते?" लोरेनने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "स्पर्धेत असं विचारत नाहीत."

संध्याकाळी ओडिलच्या बारमध्ये उभं राहायला जागा नव्हती. वजनं झाली. खाडीभर मिळून दुसऱ्या कुणाला दोन मासेही धड लागले नव्हते. ओडिलने चुलीतून लाल सळई काढली आणि वल्ह्याच्या टोकाला, शेवटच्या जागेत, गॉर्डी आणि ट्रेंट अशी नावं कोरली. जळक्या लाकडाचा वास सुटला. मग ती हातोडी घेऊन म्हणाली, "आण तो गुलाबी!"

ट्रेंटने खिशातून तपकिरी जिग काढला.

"हा बाबांनी बांधलाय," तो म्हणाला. "माझ्याकडे गुलाबी नव्हता, मला तर काही येतही नव्हतं. सगळं श्रेय बाबांचं आहे." मग कौतुकाने माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, "पण बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात ना की हे शोभेचे आहेत?"

पहिले पाद्री उभे राहिले.

"वेंडल," ते म्हणाले, "बूयाच्या टेबलावर?"

"प्रार्थनेनंतर?" ओडिलने विचारलं. हातोडी तिच्या हातात तशीच होती.

मी दाराकडे बघितलं. दारात माणसं होती. तेवढ्यात गर्दीतून गॉर्डी पुढे आला आणि माझे दोन्ही खांदे धरले. त्याचे डोळे लाल झाले होते.

"म्हणजे इतकी वर्षं तू मला खराच जिग देत होतास?"

"हो रे बाबा! हो!"

"आणि मी तुला हलकट म्हटलं."

"जाऊ दे. मग पुढच्या वर्षी... माझ्या बोटीत?"

गॉर्डीने बराच विचार केला. प्रामाणिकपणे केला, ते दिसत होतं.

"नाही रे," तो म्हणाला. "खुर्ची खरंच गरम होते."

ओडिलने जिग ठोकला. वरती दांड्याजवळ वडिलांचं नाव आणि खाली टोकाला माझ्या हातचे तपकिरी केस. नाव दुसऱ्यांचं. मी वळून लोरेनला शोधलं. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. तिने ओल्या पिशवीतून उरलेले गुलाबी जिग काढले, माझ्यासमोर टेबलावर ओळीने मांडले, आणि जाऊन भावाशेजारी बसली. मला वाईट वाटलं. वल्ह्याचं वाटलं त्याहून जास्त वाटलं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार?

यंदा परत सुगीचा मेळा झाला. लोरेन माझ्याशी बोलते, घरात सगळं ठीक आहे, फक्त मी काही सांगितलं की ती खिडकीतून डोकावून खात्री करून घेते. पाऊस पडतोय म्हटलं तरी! आम्ही सगळे बूयाच्या टेबलावर बसलो. प्रार्थना झाली. मी पहिला घास घेतला. समोर जावईबापू होते. त्यांनी जिगचा विषय काढला नाही, शहाणे झालेत आता. नुसतं इतकंच विचारलं,

"बाबा, मीठ बरोबर आहे का हो?"

मी पुन्हा एक घास घेऊन, जिभेवर घोळवून, देवाला साक्षी ठेवून सांगितलं, "अगदी बरोबर आहे."

सगळ्या टेबलाने एकदम मीठदाणीकडे हात नेला. सगळ्यांत आधी लोरेनने.